चोथ्याची नोंदवही

फेब्रुवारी संपत आला की
दिंडोरीहून नाशिकला येणाऱ्या बसमध्ये
माझ्या शेजारची जागा रिकामी राहते.
कंडक्टर सुट्टे देता देता एकदा हुंगून घेतो.
परवा एका बाईनं लेकराला
खिडकीकडे सरकवलं.
ताई, मी प्यायलेली नाही.
दिवसभर चोथ्यात होते.

रस वायनरीवाल्यांचा.
आम्ही मागच्या दाराला ट्रॅक्टर लावतो
त्यांना नको असलेलं न्यायला :
साल, बी, देठ, जांभळा चिकट गाळ,
ताडपत्रीखालीच तापू लागलेला.
पूर्वी हा ओढ्याकाठी ओतत.
ओढा आंबायचा,
पाणी पिऊन आलेल्या म्हशी
गोठ्याची वाट चुकायच्या,
आणि गाव त्यावर वर्षभर हसायचं.

बॅच बावीस. शिराझ. एक टन चाळीस किलो.
एवढं लिहून मी चाळणीशी जाते.
तिथं हिरामण भोये, सुरगाण्याचा,
सालीतून बी वेगळं करतो.
वाळवून आलेलं बी मी ओलावामापकात टाकते.
यंत्र म्हणतं, आठ टक्के. चालेल.
हिरामण एक दाणा दाढेखाली धरतो.
"मॅडम, अजून मुकं फुटतंय.
वाळलेलं बी बोलतं."

एकविसाव्या बॅचला मी यंत्राचं ऐकलं होतं.
तेल गढूळ निघालं, चार दिवस बसेना.
तेव्हापासून वहीत एक रकाना वाढवलाय :
दाढ.
ऑडिटवाल्यानं विचारलं, हे एकक कुठलं?
मी म्हटलं, स्थानिक.

बावीस नंबर रात्री तापला.
ढिगात थर्मामीटर खुपसला तर एकोणसाठ.
चौघं जण पहाटेपर्यंत फावड्यानं उलटत होतो,
वाफ अशी, की खाली कुणी
पंगतीचा भात शिजवत बसलंय.
बाहेर बोचरा गारठा,
हात कोपरापर्यंत उबेत.
सगळं काढून घेतलं म्हणत होते ना
वायनरीवाले?
मग आत हे काय होतं,
इतकं जागं?

सालीचा रंग वेगळा उतरवतो आम्ही.
नळीत दोन थेंब,
लिंबू पिळलं की लाल,
खायचा सोडा टाकला की निळा, मग हिरवट.
भांडी धुणाऱ्या मंगलाबाई गांगुर्डे
पदराला हात पुसत बघत राहिल्या :
"अगदी माझी नणंद.
समोर कोण बसलंय, त्यावर रंग."

आणि तेल.
घाण्याच्या तोंडाशी आधी काहीच नाही.
मग शिवणाच्या दोऱ्याएवढी धार,
हिरवट,
मध्येच तुटणारी.
एका टनाला नऊ लिटर.
पहिल्या वर्षी घरी सांगितलं तेव्हा
भाऊ जेवता जेवता थांबला.
नऊ?
मग हसला, ताटावर हात मारून.
तो लासलगावला कांद्याच्या खळ्यावर असतो,
त्याच्याकडे सगळं क्विंटलमध्ये.

बी पिळून उरली ती पेंड, गोठ्यांना गेली.
देठ भट्टीत; त्याच भट्टीवर पुढची बॅच वाळते.
भट्टीची राख अकरा किलो.
ती मंगलाबाईंनी मागून नेली,
पातेल्यांना याच्यासारखं काही नाही म्हणतात.
शेवटचा रकाना : शिल्लक.
पेन टेकवून बसले.
ओढणीचा वास लिहायचा तर
वजन काय टाकू?

गेल्या रविवारी भाऊ येऊन गेला.
चहा घेतला, पावसापाण्याचं बोलला,
हसण्याचं काही काढलं नाही.
तो गेल्यावर पाहिलं,
दाराशी एक पोतं.
हलकं, कुरकुरणारं,
आत नुसती कांद्याची टरफलं.

अजून उघडलेलं नाही.
नव्या पानावर रकाने तेवढे आखलेत,
दाढेचाही.
टरफलाला दाढ चालते का,
हिरामणला विचारायचंय.